लखनौमध्ये डेटाबेस क्लायंट बसवताना: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाही

पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला उतरणाऱ्या मराठी मुलामुलींमध्ये हल्ली आयटीवालेही असतात. कोणी गोमतीनगरच्या विभूतिखंडात नोकरीला, कोणी सुलतानपूर रस्त्यावरच्या आयटी सिटीत, कोणी आयआयआयटीत शिकायला, कोणी अलीगंज-कपूरथला भागातल्या क्लासमध्ये. आल्यावर थोड्याच दिवसांत एक काम हमखास पुढ्यात येते. डेटाबेस असतो दुसरीकडे, म्हणजे ऑफिसात, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा क्लाउडवर, आणि आपल्या लॅपटॉपवरून त्याला जोडून घ्यायचे असते. त्यासाठी जे सॉफ्टवेअर लागते ते क्लायंट. अख्खा डेटाबेस सर्व्हर आपल्या मशीनवर बसवायची गरज नसते, आणि नेमके इथेच पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. दुकानात किंवा यूट्यूबवर ‘पोस्टग्रेस बसव’ म्हटले की सर्व्हरसकट सगळे बसवले जाते. मग लॅपटॉप सुरू होताच सर्व्हरही पार्श्वभूमीत सुरू होतो, रॅम खातो, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ती जोडणी तशीच राहते.

आधी मुख्य गोष्ट सांगतो: या सॉफ्टवेअरची किंमत शून्य आहे. पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल, पीजीअ‍ॅडमिन, मायएसक्यूएलचा क्लायंट आणि त्याचे वर्कबेंच, मारियाडीबीचा क्लायंट, डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ, ओरॅकलचा इन्स्टंट क्लायंट आणि एसक्यूएल डेव्हलपर, हे सगळे मूळ संकेतस्थळावरून फुकट मिळते. ओरॅकलचा डेटाबेस महाग आहे हे खरे; पण तो खर्च सर्व्हर चालवणाऱ्याचा, जोडून घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरचा नव्हे. त्यामुळे बिलावर ‘ओरॅकल क्लायंट सॉफ्टवेअर’ अशी ओळ आणि पुढे रक्कम दिसली तर ती रक्कम कशाची, हे तिथल्या तिथे विचारा. बसवून देण्याची मजुरी असेल तर तसे लिहून द्यायला सांगा. नॅव्हिकॅट, टेबलप्लस यांसारखी पैसे घेणारी साधनेही आहेत आणि ती चांगली आहेत. पण शिकणाऱ्याला किंवा नव्याने नोकरीला लागलेल्याला त्यांच्यावाचून काही अडत नाही. डीबीव्हरमध्ये पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल सगळे एका खिडकीत उघडते, तेवढे पहिली काही वर्षे पुरते.

मग खर्च होतो तो कशावर? इंटरनेटचा डेटा, डिस्कवरची जागा, आपले तास आणि दुसऱ्याचे हात. वीज यात धरूच नका. ६५ वॅटचा लॅपटॉप अर्धा तास पूर्ण ताकदीने चालला तरी ०.०३ युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटला सात रुपये धरले तरी चार आण्यांच्या आत काम झाले. डेटाचे मात्र तसे नाही. भाड्याच्या खोलीत वायफाय नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर सगळे चालत असेल, तर कोणता मार्ग निवडता यावर एक दिवस जाणार की चार, हे ठरते. उबुंटूवर पोस्टग्रेसचे फक्त क्लायंट पॅकेज घेतले तर डाउनलोड काही मोजक्या एमबींचे. डीबीव्हर शंभर एमबीच्या वर. पीजीअ‍ॅडमिन त्याहून मोठे. विंडोजवर कंपाइल करण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओची सी प्लस प्लसची साधने घ्यायला गेलात तर गोष्ट जीबींवर जाते, आणि डिस्कवर त्याहून जास्त जागा अडते.

विंडोज, उबुंटू, मॅक: सरळ वाट

विंडोजवर पोस्टग्रेससाठी बहुतेक जण ईडीबीचा इन्स्टॉलर वापरतात. तो चालवताना मधे एक पडदा येतो, त्यावर चार चौकोन आणि चारही आधीच टिक केलेले: पोस्टग्रेसएसक्यूएल सर्व्हर, पीजीअ‍ॅडमिन, स्टॅक बिल्डर आणि कमांड लाइन टूल्स. घाईत सगळे ‘नेक्स्ट’ दाबत जातात. इथे थांबा. पहिली आणि तिसरी टिक काढा. पीजीअ‍ॅडमिन हवे असेल तर ठेवा, डीबीव्हर वापरणार असाल तर तेही काढा. कमांड लाइन टूल्स तेवढे राहू द्या. त्यात पीएसक्यूएल येतो, पीजी-डंप येतो आणि लिबपीक्यू ही जोडणीची लायब्ररीही येते. त्या दोन टिका काढल्या की सर्व्हरचा पासवर्ड, पोर्ट, डेटाची फोल्डर हे पुढचे सगळे प्रश्न नाहीसे होतात. नंतर बिन फोल्डरचा पत्ता विंडोजच्या पाथमध्ये घालावा लागतो. ते दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

विंडोज १० असलेल्यांना हल्ली ‘नवा लॅपटॉपच घ्या’ असा सल्ला मिळतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० लागते, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, हे खरे. पण डेटाबेसचा क्लायंट विंडोज १०वरही चालतो. केवळ त्यासाठी मशीन बदलण्याचे कारण नाही. ऑफिसचा खरा डेटा त्यावरून हाताळणार असाल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणारी प्रणाली हवी. आणि जुन्या पण धडधाकट लॅपटॉपवर तिचा सर्वांत स्वस्त मार्ग उबुंटू हा आहे: किंमत शून्य, आणि दीर्घ आधाराच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या.

उबुंटूवर काम सर्वांत कमी. पॅकेजचे नाव ‘पोस्टग्रेसएसक्यूएल-क्लायंट’. एका आज्ञेत बसते. फक्त एक अडचण ओळखून ठेवा. उबुंटू २४.०४च्या स्वतःच्या भांडारात पोस्टग्रेसची १६वी आवृत्ती आहे. ऑफिसचा सर्व्हर १७व्या आवृत्तीचा असेल तर पीएसक्यूएल जोडला जाईल, चौकशा चालतील. पण बॅकअप घ्यायला पीजी-डंप चालवलात की तो ‘सर्व्हर व्हर्जन मिसमॅच’ म्हणून जागीच थांबतो. जुना डंप नव्या सर्व्हरचा बॅकअप घेत नाही, असा नियमच आहे. हे दिसले की पुष्कळ जण सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतात. गरज नाही. पोस्टग्रेसच्या प्रकल्पाचे स्वतःचे अ‍ॅप्ट भांडार आहे. ते जोडून घेतले की नवी क्लायंट आवृत्ती जुनीच्या शेजारी नांदते. पाच-दहा मिनिटांचे काम.

मॅकवाल्यांनी होमब्रूमधून ‘लिबपीक्यू’ घ्यावे. त्यात पीएसक्यूएल येतो आणि सर्व्हर येत नाही. बसवल्यावर पीएसक्यूएल टाइप केले की ‘कमांड नॉट फाउंड’ दिसते आणि लोक घाबरून पुन्हा बसवायला लागतात. होमब्रू हे पॅकेज मुद्दाम पाथच्या बाहेर ठेवतो. शेवटी तो जी ओळ छापतो ती आपल्या शेलच्या फाइलमध्ये घातली की झाले. मायएसक्यूएलच्या क्लायंटचेही तसेच. होमब्रूला लागणारे अ‍ॅपलचे कमांड लाइन टूल्सही फुकट आहेत. वर्षाला ९९ डॉलरची डेव्हलपर नोंदणी अ‍ॅप स्टोअरवर अ‍ॅप टाकणाऱ्यांसाठी असते, या कामाला ती लागत नाही.

ओरॅकल आणि जोडणीच्या चुका

ओरॅकलचा क्लायंट कंपाइल करता येत नाही, कारण त्याचा सोर्स खुला नाही. ‘कंपाइल करून देतो’ असे कोणी म्हणत असेल तर त्याला काम कळलेले नाही. इन्स्टंट क्लायंटच्या झिप उतरवायच्या: बेसिक किंवा बेसिक लाइट, सोबत एसक्यूएल प्लस, आणि पर्ल किंवा पीएचपीचे जोड कंपाइल करायचे असतील तरच एसडीके. उबुंटू २४.०४वर एसक्यूएल प्लस उघडताना ‘लिबएआयओ’ सापडत नाही अशी तक्रार येते. तिथे त्या लायब्ररीचे नाव बदलले आहे. नव्या नावाचे पॅकेज बसवून जुन्या नावाची एक सिम्बॉलिक लिंक केली की सुटते. एवढ्यासाठी ‘सिस्टिम फॉरमॅट करावी लागेल’ असे कोणी म्हणाले तर लॅपटॉप उचलून बाहेर पडा.

दुसरी नेहमीची अडचण एक्सेलवाल्यांची. ऑफिसातले एक्सेल ३२ बिटचे असेल आणि ओडीबीसी ड्रायव्हर ६४ बिटचा बसवला तर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ येतो. विंडोज ६४ बिटची असली तरी ड्रायव्हर एक्सेलच्या बिटचा लागतो. एक्सेलच्या ‘अकाउंट’ पानावर ‘अबाउट’ दाबून ते आधी बघा. चुकीचा ड्रायव्हर बसवून-काढून अख्खा दिवस जाऊ शकतो.

जोडताना आवृत्तीचे भांडण कसे दिसते तेही माहीत असू द्या. मायएसक्यूएल ८.०पासून पासवर्ड तपासण्याची पद्धत बदलली, त्यामुळे जुना क्लायंट ‘कॅशिंग शा-२ पासवर्ड’ लोड होत नाही असे सांगतो. पोस्टग्रेसमध्ये १४पासून स्क्रॅम ही पद्धत मूळचीच आहे, आणि १०च्या आधीची लिबपीक्यू तिला ओळखत नाही. दोन्हींवर उपाय क्लायंट नवा करणे हाच. सर्व्हरवरची पासवर्डची पद्धत जुनी करून घेऊ नका, कोणी सुचवले तरी.

मराठी आणि हिंदी मजकुराचे एक वेगळे. विंडोजच्या काळ्या खिडकीत पीएसक्यूएल उघडला की कोड पेज जुळत नसल्याची सूचना येते आणि नावे प्रश्नचिन्हांत दिसतात. डेटा बिघडलेला नसतो, खिडकी बिघडलेली असते. कोड पेज ६५००१ करा, क्लायंटचे एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, देवनागरी असलेला फॉन्ट निवडा. किंवा सरळ डीबीव्हरमध्ये बघा. या कारणासाठी डेटाबेस पुन्हा भरून देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

कंपाइल कधी आणि कसे

कंपाइल करण्याची खरी कारणे मोजकीच आहेत. आपल्या प्रणालीसाठी तयार पॅकेजच मिळत नाही, उदाहरणार्थ जुने ३२ बिटचे विंडोज, ज्यासाठी ईडीबीने ११व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलर देणे बंद केले. किंवा मशीनवर प्रशासकाचा अधिकार नाही आणि आपल्या घरफोल्डरमध्येच सगळे हवे आहे, जसे कॉलेजच्या सामायिक लिनक्स मशीनवर असते. किंवा शिकायचे आहे. तिसरे कारण मला सर्वांत पटते. क्लायंट एकदा स्वतः बांधून पाहिला की पुढे कोणत्याही लायब्ररीच्या तक्रारीचे मूळ कुठे शोधायचे ते कळते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत कंपाइल बहुधा नकळत गळ्यात पडते. पायथनमध्ये ‘सायकॉपीजी-२’ बसवायला गेले की पानभर लाल अक्षरे येतात आणि त्यात एक ओळ असते: पीजी-कॉन्फिग सापडत नाही. म्हणजे पिप ते पॅकेज सोर्समधून कंपाइल करतो आहे आणि त्याला लिबपीक्यूच्या हेडर फाइल हव्या आहेत. उबुंटूवर ‘लिबपीक्यू-डेव्ह’, पायथनच्या डेव्ह फाइल आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ बसवले की काम होते. शंभरेक एमबी डेटा धरा. शिकण्यापुरते हवे असेल तर ‘सायकॉपीजी-२-बायनरी’ घ्या, कंपाइलची गरजच उरत नाही. प्रत्यक्ष सेवेत मात्र सोर्समधूनच बांधा, असे ते बनवणारेच सांगतात. जँगोसाठी ‘मायएसक्यूएलक्लायंट’ बसवतानाही हेच होते, तिथे मायएसक्यूएलच्या डेव्ह फाइल आणि पीकेजी-कॉन्फिग लागतात.

पोस्टग्रेसचा क्लायंट सोर्समधून बांधायचा तर उबुंटू हीच जागा योग्य. सोर्सची दाबलेली फाइल पंचवीस-तीस एमबीची. ती पोस्टग्रेसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या आणि सोबत दिलेली शा-२५६ बेरीज जुळवून बघा. आधी कंपायलर, रीडलाइन, झेडलिब, आयसीयू आणि ओपनएसएसएल यांच्या डेव्ह फाइल बसवा. १७व्या आवृत्तीपासून बायसन, फ्लेक्स आणि पर्लही लागतात, कारण आधी तयार मिळणाऱ्या काही फाइल आता सोर्ससोबत येत नाहीत. मग कॉन्फिगर. इथे दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. प्रीफिक्स आपल्या घरफोल्डरमधला द्या, म्हणजे प्रशासकाचा अधिकार लागत नाही आणि नंतर ती फोल्डर उडवली की सगळे साफ. आणि ‘विथ ओपनएसएसएल’ आपण होऊन लिहा. ते लिहिले नाही तर कॉन्फिगर काही तक्रार करत नाही, मेक बिनबोभाट पूर्ण होते, पीएसक्यूएल उघडतोही. आणि पहिल्यांदा क्लाउडला जोडताना कळते की या क्लायंटमध्ये एसएसएलच नाही. अनेक क्लाउड सेवा एसएसएलशिवाय जोडू देत नाहीत. मग सगळे पुन्हा. रीडलाइन नसेल तर कॉन्फिगर थांबते. ते टाळायला ‘विदाउट रीडलाइन’ लिहू नका, नाहीतर पीएसक्यूएलमध्ये वरच्या बाणाने मागची आज्ञा येणार नाही आणि रोज हात दुखतील.

पुढे नुसते ‘मेक’ म्हटले तर सर्व्हरही बांधला जातो. बांधू दे, आजच्या लॅपटॉपवर चार कोअर लावले की ते काही मिनिटांत होते. बसवताना मात्र ‘मेक इन्स्टॉल’ सरसकट करू नका. सोर्सच्या बिन, इन्क्लूड आणि इंटरफेसेस या तीन फोल्डरपुरतेच इन्स्टॉल करा, तेवढे म्हणजे क्लायंट. लखनौच्या उन्हाळ्यात मधेच वीज गेली आणि बॅटरीही संपली तरी घाबरू नका: पुन्हा ‘मेक’ दिले की जिथे थांबले होते तिथून पुढे चालते, झालेल्या फाइल पुन्हा बांधल्या जात नाहीत. क्वचित शेवटची फाइल अर्धवट राहून चूक दाखवते. तेवढी काढून परत चालवा.

मायएसक्यूएलचा क्लायंट कंपाइल करता येतो, सीमेकला ‘विदाउट सर्व्हर’ सांगायचे. पण सोर्स मोठा, रॅमची भूक मोठी. ४ जीबीच्या लॅपटॉपवर त्याच्या नादी लागू नये. विंडोजवर पोस्टग्रेस कंपाइल करण्याचे तर मी कोणालाच सुचवणार नाही. १७पासून तिथे मेसॉन हीच पद्धत उरली आहे, त्यात पर्ल, बायसन, फ्लेक्स जमवायचे आणि व्हिज्युअल स्टुडिओचे जीबी उतरवायचे. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल फुकट आहे. त्यात उबुंटू घ्या आणि वरचे सगळे तिथे करा.

नाझा मार्केटमध्ये जाताना

स्वतः करायचे नसेल तर लालबागेतले नाझा मार्केट हे लखनौचे कॉम्प्युटरचे नेहमीचे ठिकाण. सुटे भाग, रॅम, एसएसडी, दुरुस्ती, सगळे एका छपराखाली आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत. तिथे काय मागायचे ते आधी कागदावर लिहून न्या: डेटाबेसचे नाव, सर्व्हरची आवृत्ती, आपली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ‘सिर्फ क्लायंट, सर्व्हर नहीं’. मजुरी आधी ठरवा. माझ्या मते साधा क्लायंट बसवून, पाथ लावून, तुमच्यासमोर जोडणी दाखवून देण्याचे तीनशे ते पाचशे रुपये योग्य. घरी येण्याचे वेगळे मागितले तर तेवढेच आणखी. सोर्समधून कंपाइल करून घ्यायचे असेल तर हजार ते दीड हजार द्यावेत, कारण त्याचे दोन-तीन तास जातात. त्याहून जास्त मागितले तर ते पैसे रॅममध्ये किंवा एसएसडीत घालणे शहाणपणाचे. पीजीअ‍ॅडमिन किंवा डीबीव्हर ४ जीबीवर रडतखडत चालतात, ८ जीबीवर सुखाने.

‘चलने वाला’ म्हणजे विनापरवाना विंडोज किंवा क्रॅक केलेले नॅव्हिकॅट घेऊ नका. डेटाबेसचे पासवर्ड ज्या मशीनवर टाइप होतात तिथे अनोळखी माणसाने बदललेले सॉफ्टवेअर ठेवणे म्हणजे घराची किल्ली चोराच्या हाती देणे. बसवणाऱ्याला खरा पासवर्ड देऊ नका. तो तुम्ही टाइप करा. एनीडेस्कवरून काम करून घेतले तर काम संपताच ते काढून टाका. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर नाझाला नेऊच नका, ऑफिसच्या आयटी विभागाकडूनच बसवून घ्या. ५४३२, ३३०६, १५२१ किंवा १४३३ हे पोर्ट बंद दिसत असतील तर ते बहुधा ऑफिसच्या फायरवॉलने बंद केलेले असते. बाजारातला कोणताही तंत्रज्ञ ते उघडू शकत नाही, त्याचे पैसेही देऊ नयेत.

बिल पक्के घ्या. संगणकाच्या सुट्या भागांवर आणि अशा सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे. पण तो लावायचा तर दुकानदाराकडे १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा आणि उत्तर प्रदेशातल्या नोंदणीचा क्रमांक ०९ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ने. वर्षाला वीस लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, त्याने नोंदणी नसताना जीएसटी मागणे चूक. बिल द्यायला नकार देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर लगेच १९३० लावा. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. लखनौची खोली सोडून नाशिकला परतलात तरी नाशिकच्या जिल्हा आयोगात ती दाखल होते.